पन्नाशी ते साठी : कुणाच्याच यादीत नसलेली दहा वर्षं

नाशिककरांनो, आज थोडं मोठं लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण विषय सातपूर, अंबड, सिडको, नाशिकरोड इथल्या जवळजवळ प्रत्येक घराचा आहे.

आधी एक साधी उजळणी करू. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना : वय 18 ते 35. बारावी झालेल्याला महिन्याला 6 हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार विद्यावेतन. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतलं अल्प मुदतीचं प्रशिक्षण : वय 15 ते 45. ज्येष्ठांना पुन्हा नोकरी मिळावी म्हणून केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2021 मध्ये काढलेलं 'सेक्रेड' पोर्टल : वय 60 च्या पुढे. एसटीचं अर्धं तिकीट : 65 पासून. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच मिळणारे 3 हजार : तेही 65 पासून.

आता सांगा, 52 वर्षांच्या माणसानं कुठल्या खिडकीवर उभं राहायचं?

युवा म्हणावं तर केस पिकलेले. ज्येष्ठ म्हणावं तर आधार कार्डावरची जन्मतारीख आडवी येते. साठी झाल्यावर सरकार, महापालिका, बँका, सगळ्यांना हा माणूस दिसायला लागतो. पण घसरण सुरू होते ती पन्नाशीत. माझं म्हणणं एवढंच आहे की मदत जिथे घसरण सुरू होते तिथे पाहिजे, खाली पडल्यावर नाही.

आपल्याकडे हे जास्त का बोचतं

नाशिक हे कामगारांचं शहर आहे. सातपूर-अंबडची एमआयडीसी, पलीकडे सिन्नर, ओझरचं एचएएल, नाशिकरोडचे दोन्ही प्रेस, एकलहरे. नव्वदच्या आसपास आयटीआय करून कंपनीत चिकटलेली पोरं आज पन्नास ते अठ्ठावन्नमध्ये आहेत. प्रेस किंवा एचएएलमधल्या माणसाला निदान निवृत्तीची तारीख माहीत असते. खासगी कंपनीतल्या पर्मनंट कामगाराला ती खात्री नाही. नवी लाइन येते, जुनी बंद होते, काम कंत्राटावर जातं, आणि एक दिवस नोटीस बोर्डावर व्हीआरएसचा कागद लागतो. नावात 'स्वेच्छा' असते. ती किती असते ते ज्यानं सही केली त्याला विचारा.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. एकरकमी पैसे येतात. त्यातून घराचं कर्ज फिटतं, मुलीचं लग्न होतं, मुलाची फी भरली जाते. उरलेले कुणी ओळखीचा 'दोन टक्के महिना' म्हणून घेऊन जातो. दोन वर्षांत हा माणूस, ज्यानं पंचवीस वर्षं मायक्रॉनमध्ये काम केलं, एखाद्या सोसायटीच्या गेटवर बारा तासांच्या ड्युटीला गाड्यांचे नंबर लिहीत बसलेला असतो. वॉचमनचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण टूलरूमचा फिटर गेटवर बसवणं म्हणजे चांगल्या लेथवर कपडे वाळत घालण्यासारखं आहे.

'पेन्शन असते ना' असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब मांडतो. ईपीएस-95 मध्ये पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70 असं सूत्र आहे. पगार कितीही असो, धरला जातो जास्तीत जास्त 15 हजार, आणि तोही सप्टेंबर 2014 पासून. त्याआधी ही मर्यादा साडेसहा हजार होती. समजा पूर्ण 30 वर्षं 15 हजारानं धरली तरी येतात साधारण 6,400 रुपये. जुनी वर्षं जुन्या मर्यादेनं मोजली जातात, म्हणून प्रत्यक्षात हातात त्याहून कमीच पडतात. ही पेन्शन 58 ला सुरू होते. पन्नाशीनंतर लवकर घ्यायची सोय आहे, पण 58 ला जितकी वर्षं कमी तितके दर वर्षाला 4 टक्के कापले जातात, कायमचे. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर अडकलेली आहे. आज सिलिंडर आणि बीपीच्या गोळ्या घेतल्या की हजार संपले.

म्हणजे 52 व्या वर्षी नोकरी गेली तर 58 पर्यंत सहा वर्षं, आणि खरं तर त्यानंतरही, माणसाला काम लागतं. छंद म्हणून नाही, घर चालवायला.

कामगार आहे, काम आहे, मग अडतं कुठे?

गंमत बघा. अंबडमधल्या कुठल्याही लहान युनिटच्या मालकाशी बोला. पहिलं वाक्य : "साहेब, चांगला माणूस मिळत नाही." पोरं येतात, तीन महिने टिकतात, सेटिंग शिकली की दुसरीकडे पळतात. आणि तिथून दोन किलोमीटरवर सिडकोत चांगला माणूस घरात बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचतोय. जाहिरातीत लिहिलंय : 'वय 35 पर्यंत'.

आपल्याकडे खासगी नोकरीत वयावरून नाकारणं बेकायदा आहे असा कायदाच नाही. अमेरिकेत चाळिशीच्या पुढच्यांसाठी 1967 पासून तसा कायदा आहे. आपल्या घटनेचं कलम 16 सरकारी नोकरीत धर, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभावाला मनाई करतं, पण त्या यादीतही वय नाही. त्यामुळे 'वय 35 पर्यंत' लिहायला कुणाचा हात थरथरत नाही.

मालकांची बाजूही ऐकून घेऊ, कारण ती खोटी नाही. एक, मोठ्या कंपनीतून आलेल्या माणसाला तिथल्या पगाराची आणि युनियनची सवय असते. दोन, नवीन सीएनसी किंवा सॉफ्टवेअर म्हटलं की तो बिचकतो. तीन, गुडघे, पाठ, शुगर, रात्रपाळी झेपत नाही. चार, तिशीतला सुपरवायझर पंचावन्नच्या माणसाला काम सांगायला अवघडतो.

या चारही गोष्टींवर उपाय आहेत. त्यातला एकही फार खर्चाचा नाही. पगाराचं बोलणं आधी स्पष्ट करा. आठ तासांऐवजी चार-पाच तासांची पाळी ठेवा, रात्रपाळी देऊ नका. त्याला प्रॉडक्शनचा आकडा गाठायला लावण्यापेक्षा तपासणी, मेंटेनन्स, डाय-फिक्स्चरची दुरुस्ती आणि नव्या पोरांना शिकवणं ही कामं द्या. बेअरिंग जाण्याआधी मशीनचा आवाज बदलतो, तो ओळखणारा कान चाळीस दिवसांच्या कोर्समध्ये तयार होत नाही.

आणि बिचकण्याचं म्हणाल, तर हीच माणसं आज मोबाईलवर वीजबिल भरतात, नातवाला व्हिडिओ कॉल लावतात. शिकवणारा वय काढून हिणवत नसेल तर पन्नाशीतला माणूस शिकतो.

"पण पोरांच्या नोकऱ्यांचं काय?"

हा प्रश्न कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच घेतो. प्रश्न रास्त आहे. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारनं जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक कंत्राटी घ्यायचं ठरवलं, महिना 20 हजार मानधन, वय 70 पर्यंत. तेव्हा डीएड-बीएड झालेली पोरं चिडली आणि त्यांचं बरोबर होतं. जिथे तरुणाची कायमची जागा रिकामी आहे, तिथे तरुणच भरला पाहिजे. पेन्शन घेणाऱ्याला स्वस्तात बसवून ती जागा झाकायची, याला मी अनुभवाचा उपयोग म्हणणार नाही. ती भरती टाळण्याची पळवाट आहे.

पण मी बोलतोय ते वेगळ्या कामाबद्दल. विद्यावेतनावर आलेल्या पोराला कंपनीत शिकवतं कोण? बऱ्याच ठिकाणी कुणीच नाही. त्याला झाडलोट, लोडिंग, नाहीतर झेरॉक्स एवढंच काम मिळतं आणि मुदत संपली की प्रमाणपत्र घेऊन तो घरी जातो. दहा पोरांमागे एक पंचावन्नचा फिटर अर्धवेळ नेमला, तर त्या फिटरला काम मिळेल आणि दहा पोरांच्या हाताला कला येईल. इथे बाप आणि मुलगा एकाच खुर्चीसाठी भांडत नाहीत. बाप शिकवतो म्हणून मुलाला खुर्ची मिळते.

कायद्यातली एक फट

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत एक चांगली गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही : कामगार पुनर्कौशल्य निधी. कामगाराची छाटणी झाली तर मालकानं त्याच्या शेवटच्या पगाराचे 15 दिवसांचे पैसे या निधीत भरायचे आणि ते 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचे. नवीन काही शिकण्यासाठी.

पंधरा दिवसांच्या पैशात काय शिकणार, हा एक प्रश्न. पण मोठी अडचण पुढे आहे. स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याच्या व्याख्येत छाटणी धरली जात नाही. म्हणजे आपल्याकडे पन्नाशीतली बहुतेक माणसं ज्या दारानं बाहेर पडतात, त्या दाराला हा निधी लागूच नाही. हे बदलायला दिल्लीला जावं लागेल. पण तोपर्यंत आपल्या युनियन एवढं तरी करू शकतात. व्हीआरएसच्या वाटाघाटीत फक्त रक्कम वाढवून मागू नका, सोबत सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि पैशाचा सल्ला मागा, आणि तो घरच्या बाईमाणसाला शेजारी बसवून द्यायला सांगा. चेकची रक्कम दोघांना माहीत असली की 'दोन टक्के महिना'वाला ओळखीचा घरात शिरत नाही.

आता समाजकार्याचं

निवृत्त झालो की समाजकार्य करू, असं प्रत्येकजण म्हणतो. साठीनंतर एकदम सुरुवात करणाऱ्यांपैकी बरेचजण महिनाभरात कंटाळतात. कारण सोपं आहे. संस्था ओळखीची नसते, काम ठरलेलं नसतं, आणि आयुष्यभर साहेब किंवा मिस्त्री म्हणून हाक ऐकलेल्या माणसाला सतरंज्या उचलायला सांगितलेलं आवडत नाही. ही सवय नोकरीत असतानाच, पन्नाशीत लागायला हवी. महिन्यातले दोन शनिवार पुरेत.

जागा आहेत. केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवर नोंदणी करून सरकारी शाळेत शिकवायला, प्रयोगशाळा लावून द्यायला जाता येतं. नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजे 'उल्लास'मध्ये, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायला स्वयंसेवकच लागतात. पण हे आपल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणी सांगितलंय का? कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्या नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करतात. चेक जातो, फोटो येतो. त्या फोटोत कंपनीचा वेल्डर कधी दिसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचं तुटलेलं गेट जोडायला त्याला शनिवारी भरपगारी सोडलं असतं, तर गेट जोडलं गेलं असतं आणि त्या माणसाला निवृत्तीनंतरचं एक ठिकाणही मिळालं असतं.

बायकांबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. पन्नाशीतली बाई बऱ्याचदा पहिल्यांदा मोकळी होते. मुलं मार्गी लागलेली, सासू-सासऱ्यांचं आजारपण निस्तरलेलं. कुणी बारा वर्षांपूर्वी नर्सिंग सोडलेलं असतं, कुणी अकाउंट्स. तिला परत यायचं असतं. तिला कुणी विचारलंच तर 'भजनी मंडळात या' म्हणून विचारतात. भजन छान आहे. पण तिच्या सहीनं औषधं दिली जात होती, हेही कुणीतरी लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. ज्याचं घर भागतंय त्याच्यासाठी स्वयंसेवा. ज्याचं भागत नाही त्याला पगारी काम. दोन्हीची सरमिसळ करून 'अनुभवी मंडळींनी सेवाभावानं यावं' असं म्हणत फुकट मजूर गोळा करायचे, हे चालणार नाही.

सिंहस्थ दारात आहे

31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण. ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये अमृतस्नानं. रस्ते, घाट, पूल यांच्या टेंडरची चर्चा रोज चालू आहे. माणसांची चर्चा कुठे आहे? ऐन वेळी कॉलेजची पोरं आणि एनएसएसची टी-शर्ट वाटून मोकळे होणार का?

गर्दी अडवायला तरुणच पाहिजेत, दोरखंड धरून दहा तास उभं राहणं पंचावन्नच्या गुडघ्यांचं काम नाही. पण सिंहस्थात गर्दीइतकीच दुसरी कामं असतात. तात्पुरत्या वीजजोडण्या तपासणं, पंप आणि पाण्याच्या टाक्या बघणं, औषधांच्या केंद्रावर नोंदी, हरवलेल्यांच्या केंद्रावर शांतपणे बसून रडणाऱ्या म्हातारीचं गाव काढून घेणं. आणि भाषा! ओझर आणि देवळालीमुळे आपल्या शहरात तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली, भोजपुरी बोलणारी पन्नाशीतली माणसं आहेत. देशभरातून येणाऱ्या भाविकाशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सोय आहे.

जपानमध्ये 1970 च्या दशकात टोकियोतून एक प्रयोग सुरू झाला आणि देशभर पसरला. वयस्कर माणसांची गावागावात केंद्रं, तिथे नोंदणी, आणि केंद्राकडून छोटी, कमी तासांची, मोबदल्याची कामं : बागकाम, दुरुस्ती, सायकलतळ सांभाळणं. ते साठीपासून सुरू करतात. सिंगापूरनं पुन्हा शिकण्यासाठीची खास मदत चाळिशीपासून ठेवली आहे. आपण निदान पन्नाशीपासून तरी सुरू करू. सिंहस्थ हे त्याचं निमित्त होऊ शकतं.

तर मागण्या सरळ लिहितो

1. महापालिकेनं 45 ते 65 वयाची 'अनुभव नोंदवही' उघडावी, विभागीय कार्यालयात, कागदावरसुद्धा. नाव, धंदा, भाषा, किती तास जमेल, पगारी काम हवंय की स्वयंसेवा. सिंहस्थ संपला की ही वही बंद करायची नाही.

2. सिंहस्थातल्या तांत्रिक कामांना मानधन, जेवण, प्रवास आणि विमा द्यावा. चार ते सहा तासांची पाळी असावी. नोकरीत असलेल्यांना कंपन्यांनी पाच दिवसांची भरपगारी रजा द्यावी.

3. निमा आणि आयमानं वर्षातून एक रोजगार मेळावा फक्त 45 च्या पुढच्यांसाठी घ्यावा. आणि सदस्य कंपन्यांना जाहिरातीतून 'वय 35 पर्यंत' काढायला सांगावं. हे आजही होऊ शकतं, त्याला जीआर लागत नाही.

4. आयटीआयमध्ये संध्याकाळच्या बॅचेस काढाव्यात. अर्ध्या बॅचमध्ये ही माणसं शिकतील, अर्ध्या बॅचमध्ये शिकवतील. आधीच येत असलेल्या कामाचं प्रमाणपत्र देणारी 'पूर्वकौशल्य मान्यता' वयाच्या 59 पर्यंत खुली आहे, तिची शिबिरं कारखान्यांच्या गेटवर भरवा. तीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाकडे एक कागद नसतो, म्हणून तो अर्जाच्या पहिल्या चाळणीत गळतो.

5. राज्यानं युवा प्रशिक्षण योजनेत मार्गदर्शकाचं मानधन ठेवावं आणि ते पन्नाशीच्या पुढच्या कामगारांना द्यावं.

6. स्वतःचं काही करायचं असेल त्यांच्यासाठी : पीएमईजीपी कर्ज-अनुदान योजनेला कमाल वयाची अट नाही. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. 'आता या वयात काय' असं खिडकीवर कुणी म्हणालं तर नियम दाखवायला सांगा.

शेवटचं घरच्यांसाठी. व्हीआरएस घेतलेला बाप घरात बसला की त्याला दळण, भाजी, नातवाची शाळा ही कामं आपोआप चिकटतात आणि चार जणांत 'आता ते आराम करतात' असं सांगितलं जातं. त्याला विचारा तरी, आराम करायचाय का? तो चिडचिडा झालाय असं वाटत असेल, तर त्याला वयाआधी कुणीतरी म्हातारं ठरवलंय एवढंच त्याचं कारण असू शकतं.

तुमच्या कंपनीत, सोसायटीत, ओळखीत असा माणूस असेल तर कॉमेंटमध्ये फक्त धंदा आणि भाग लिहा. 'टर्नर, पाथर्डी फाटा'. 'नर्स, जेलरोड'. नाव-नंबर टाकू नका. दोनशे ओळी जमल्या की ही यादी घेऊन आपण आपापल्या नगरसेवकाकडे आणि आयुक्तांकडे जाऊ. माणसं नाहीत असं मग कुणाला म्हणता येणार नाही.

#पन्नाशीतलं_काम #नाशिक #सिंहस्थ2027